गुराब आणि गलबत : इंग्रजी सागरी इतिहासलेखनातील वर्णन आणि विशेषण

मराठ्यांच्या आरमाराविषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि त्या लेखनातून आरमारातील जहाजे फारशी दिसत नाहीत. सेनापती दिसतात, किल्ले दिसतात, लढायांच्या तिथी दिसतात. परंतु ज्या लाकडी साधनावर ही सारी कामगिरी उभी होती, ते साधन 'गलबत' या एकाच शब्दात गुंडाळले जाते. किनाऱ्यावरच्या वाचकाला हा शब्द निदान डोळ्यांपुढे काही तरी उभे करतो. पोंभुर्ण्यासारख्या अरण्यप्रदेशातील विद्यार्थ्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्या ओळखीचे जलवाहन म्हणजे अंधारी-वैनगंगेवरील डोंगा, आणि त्या नद्यांचे पाणीही प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने पूर्व समुद्रास जाऊन मिळते. गुराब, गलबत, शिबाड, मचवा हे शब्द त्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले असतात. त्यांतील भेद मात्र त्याला कोणी सांगितलेला नसतो. हा भेद कळल्यावाचून पश्चिम किनाऱ्यावरील दीडशे वर्षांचा संघर्ष नीट कळत नाही, आणि त्या संघर्षाविषयी इंग्रजांनी जे लिहून ठेवले त्याची चिकित्साही करता येत नाही.

या चिकित्सेत एक गोष्ट प्रामुख्याने ध्यानात येते. इंग्रजी ग्रंथकार मराठी जहाजांचे वर्णन करतात तेव्हा त्यांची लेखणी सावध, मोजमाप घेणारी आणि बऱ्याच अंशी न्यायी असते. त्याच जहाजांच्या धन्यास विशेषण लावण्याची वेळ येते तेव्हा ती लेखणी एकदम 'चाचा' हा शब्द उच्चारते. वर्णन आणि विशेषण यांचा हा विसंवाद केवळ भाषेचा नाही. वर्णनातून ज्या व्यवस्थेचा पुरावा मिळतो, त्या व्यवस्थेचे अस्तित्वच विशेषण नाकारते. मराठी लेखकांनी या विशेषणाचा प्रतिवाद मोठ्या आवेशाने केला. वर्णनाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही. परिणामी जो पुरावा हाताशी होता, तो तसाच पडून राहिला.

येथे विचारार्थ घ्यावयाचे मुख्य ग्रंथ तीन. पहिला क्लेमेंट डाउनिंगचा. हा गृहस्थ आंग्र्यांच्या भरभराटीच्या काळात हिंदी समुद्रात नोकरीस होता, आणि १७३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच आंग्र्यांचा उल्लेख 'चाचा' म्हणून आलेला आहे. दुसरा रॉबर्ट ऑर्मचा, इंग्रजांच्या हिंदुस्थानातील लष्करी व्यवहारांचा इतिहास. त्याचा पहिला खंड १७६३ मध्ये, म्हणजे विजयदुर्गाच्या पाडावानंतर सातच वर्षांनी निघाला. ऑर्म स्वतः कंपनीच्या मद्रास कौन्सिलात बसलेला. तिसरा चार्ल्स रॅथबोन लो याचा हिंदी नौदलाचा द्विखंडात्मक इतिहास (१८७७). कंपनीच्या या नौदलाचा आरंभ लो १६१३ पर्यंत मागे नेतो. त्याचे केंद्र पुढे सुरतेहून मुंबईस आले; 'बॉम्बे मरीन' हे त्याचे नाव १८३० मध्ये 'इंडियन नेव्ही' असे झाले आणि १८६३ मध्ये ते मोडण्यात आले. लो त्याच सेवेतील अधिकारी होता. मोडलेल्या सेवेचे स्मारक उभारावे या भावनेने त्याने ग्रंथ रचला, हे वाचकाने विसरू नये. तिघांचे हेतू वेगळे, काळही वेगळे. विशेषण मात्र एकच.

आता वर्णन पाहावे. ऑर्म सांगतो त्याप्रमाणे गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ आणि तळ उथळ, त्यामुळे तिला पाणी थोडे पुरे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाऊन भूमध्यसमुद्रातील गॅली जहाजाप्रमाणे लांब चोचीत संपे. समोरून लाट आली म्हणजे ही चोच पाण्यात बुडे. म्हणून चोचीवरील डेकला कठडे ठेवीत नसत, आलेले पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाई. चोचीच्या मागील आडव्या भिंतीत झरोके ठेवून त्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

गलबत याच घडणीचे, पण लहान. मोठ्यातले मोठे ७० टनांच्या आसपास. त्यास दोन डोलकाठ्या. मागची अगदी बारीक, आणि मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. हे शीड चढविले म्हणजे त्याचे टोक काठीच्याही वर जाई. वजन कमी राहावे म्हणून कित्येक गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा डेक असे आणि त्यांवर केवळ फिरत्या खुंट्यांवरील लहान तोफा बसवीत. मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. वल्ही चाळीस-पन्नास, त्यांच्या बळावर वारा नसतानाही ताशी चार मैल जाता येई.

ऑर्म येथेच थांबत नाही. या दोन जातींच्या जहाजांचा संयोग युद्धात कसा होई तेही तो सांगतो. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असा ताफा खाडीच्या तोंडाशी दबा धरून राही. सावज दृष्टीस पडताच ताफा दोर सोडून बाहेर पडे. वारा असला तर शिडे पुरेशी होत. वारा पडलेला असला तर गलबते वल्हवीत गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या पिछाडीस जमून गुराबा आपल्या पुढच्या तोफांनी प्रथम त्याच्या डोलकाठ्या व दोरखंड तोडीत. युरोपीय जहाजाचे बळ त्याच्या बाजूच्या तोफांत, पिछाडी दुबळी. त्या दुबळ्या अंगावरच सारा मारा. जहाज पांगळे झाले म्हणजे चारी बाजूंनी भडिमार, आणि तरीही शरण न आल्यास गलबतांतून दोन-दोनशे, तीन-तीनशे माणसे तलवारी घेऊन एकाच वेळी त्यावर चढत.

हे वर्णन लुटारूंच्या टोळीचे आहे काय? जहाजाचा आकार, तोफांची जागा, दोन जातींच्या जहाजांमधील कामाची वाटणी, वाऱ्याच्या दोन्ही अवस्थांचा केलेला विचार, हे सर्व एका पद्धतीचे द्योतक आहे. पुढे रोखलेली तोफ मागून गाठण्याच्या डावपेचासाठी, उथळ तळ खाडीच्या आश्रयासाठी, वल्ही पडलेल्या वाऱ्यासाठी. प्रत्येक अवयवास प्रयोजन आहे आणि सर्व प्रयोजने एका योजनेत बसतात. अशी योजना बांधकामाचे कारखाने, पगारी दर्यावर्दी, गोलंदाज आणि किल्ल्यांची साखळी यांवाचून चालत नाही.

ती योजना मराठी बाजूने शब्दबद्धही झालेली आहे, ही गोष्ट ऑर्मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मराठी अभ्यासकास मात्र ती ठाऊक असावयास हवी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१५) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्याही नसाव्यात आणि फार लहानही नसाव्यात, मध्यम प्रतीच्या असाव्यात. वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी अवजड जहाजे करू नयेत. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. प्रतिकूल वाऱ्यात युद्ध न करता किल्ल्याच्या आश्रयास यावे, असा त्यातील उपदेश आहे. ऑर्मच्या ताफ्यातील गुराब-गलबतांचे प्रमाण आणि आज्ञापत्रातील सुभ्याचे प्रमाण पूर्णतः एक नाही. परंतु थोड्या गुराबा व त्यांच्या कित्येक पट गलबते हे सूत्र दोहोंत समान आहे. एकाने शत्रूच्या नजरेने पाहिलेले आणि दुसऱ्याने राज्यकर्त्याच्या अधिकाराने आज्ञापिलेले, असे हे एकाच वस्तूचे दोन पुरावे होत. परस्परांशी कोणताही संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिचे प्रामाण्य वाढते. हे दोन पाठ शेजारी ठेवून वाचणे हाच 'चाचा' या शब्दास खरा प्रतिवाद आहे.

या प्रश्नास दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक उद्बोधक आहे. ज्या जहाजांना इंग्रजी ग्रंथ लुटारूंची जहाजे म्हणतात, तीच जहाजे कंपनीच्या सेवेत प्रथमपासून होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेट बांधावयास घेतले, तेव्हा ते अडविण्यास मुंबईकरांनी जो ताफा पाठविला त्यात 'रिव्हेंज' हे एक फ्रिगेट सोडले तर बाकी दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे होते. १९ सप्टेंबर रोजी बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, तर 'रिव्हेंज' एकाकी झुंजून बचावले. हा दिवस इंग्रज लेखक आपल्या विजयाचा मानतात. त्या एका जहाजाच्या शौर्यापुरते ते खरेही आहे. परंतु मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत राहिल्या, १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी ताफा काढून घेतला आणि बेट मराठ्यांकडे राहिले.

पुढे गव्हर्नर चार्ल्स बून (१७१५–१७२२) याने कंपनीचे आरमार वाढविले. त्याच्या ताफ्यातही गुराबा व गलबते होतीच. याउलट विजयदुर्गाच्या १७२० च्या मोहिमेसाठी त्याने 'फ्राम' नावाची सपाट तळाची, जड तोफांची तरंगती यंत्रणा मुद्दाम बांधविली, ती मात्र निकामी ठरली. अठराव्या शतकाच्या मध्यास 'बॉम्बे ग्रॅब' हे खुद्द कंपनीच्या एका जहाजाचे नाव आहे. शब्दाचाही प्रवास पाहण्याजोगा आहे. 'गुराब' हा मूळ अरबी शब्द, अर्थ कावळा. 'गलबत' हा पोर्तुगीज 'गालेओता'पासून आला असे यूल व बर्नेल यांनी आपल्या कोशात (१८८६) मानले. इंग्रजांनी दोन्ही शब्द किनाऱ्यावरून उचलले आणि आपल्या वळणाने 'ग्रॅब' व 'गॅलिव्हॅट' असे लिहिले. वस्तू घेतली, वस्तूचे नावही घेतले. वस्तूच्या पूर्वीच्या धन्यास मात्र चाचा ठरविले.

प्रतिपक्षाचे जहाज उचलणे यात ब्रिटिश नौदलास कमीपणा कधीच वाटला नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चोरटा व्यापार करणाऱ्यांची 'कटर' जातीची वेगवान जहाजे होती; त्यांना गाठण्यासाठी राजाच्या नौदलाने १७६३ पासून तसलीच जहाजे विकत घेतली. बर्म्यूडा बेटावरील हलक्या 'स्कूनर' जहाजांविषयीही असेच घडले. १८०५ मध्ये ट्रॅफल्गारच्या विजयाची व नेल्सनच्या मृत्यूची वार्ता इंग्लंडला ज्या जहाजाने पोहोचविली, ते 'पिकल' बर्म्यूडात बांधलेले लहानसे स्कूनरच होते. ही लहान सशस्त्र जहाजे नौदलाच्या सहा श्रेणींच्या बाहेरची. त्यांवर बहुधा कनिष्ठ अधिकारी नेमला जाई. टेहळणी, डाक, व्यापारी तांड्याचे रक्षण, खाड्यांची नाकेबंदी ही नित्याची कामे मात्र त्यांनीच केली. ही उसनवारी इंग्रजी ग्रंथांत व्यवहारचातुर्य म्हणून येते, आणि ते रास्तच आहे. हाच न्याय कोकण किनाऱ्यास लावला म्हणजे आंग्र्यांची गुराब आणि कंपनीची गुराब यांत जहाज म्हणून भेद उरत नाही. भेद उरतो तो केवळ परवान्याचा.

परवान्याचा हा मुद्दा मूलभूत आहे. पोर्तुगीज आपला कार्ताझ घेतल्यावाचून कोणास समुद्रावर फिरू देत नसत. कंपनी आपले पास देई. आंग्रे आपला दस्तक देत. ज्याच्याजवळ आपला परवाना नाही ते जहाज धरावे, हा नियम तिघांचाही. कंपनीने आंग्र्यांचा दस्तक मानण्याचे नाकारले, आणि त्या नकारातून 'चाचा' हे विशेषण जन्मले. ते गुन्ह्याचे वर्णन नसून सार्वभौमत्वाच्या वादातील एका पक्षाचे म्हणणे आहे. १९०७ मध्ये बिडल्फने आपल्या ग्रंथास 'मलबारचे चाचे' असे नाव दिले, तोवर हे म्हणणे इतके रुळले होते की ते एका पक्षाचे आहे याचेही भान राहिले नव्हते.

येथवरची चिकित्सा मराठी वाचकास सुखावह वाटेल. परंतु तीच कसोटी मराठी लेखनास लावली असता निष्कर्ष तितके सुखावह निघत नाहीत. विशेषणास विशेषणाने उत्तर देण्याची सवय आपल्याकडेही आहे. कान्होजी आंग्र्यांस 'चाचा' म्हटले गेले, म्हणून त्यांस 'सागरसम्राट' म्हणावयाचे. पण त्यांच्या गुराबेची लांबी-रुंदी, तोफांची मांडणी, दर्यावर्दींचा पगार यांची चौकशी करावयाची नाही. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात (१९२८) आणि भा. कृ. आपटे यांनी मराठ्यांचे आरमार व व्यापारी जहाजे यांवरील ग्रंथात (१९७३) ही चौकशी केली. परंतु दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि त्यांचा संस्कार मराठी पाठ्यपुस्तकांपर्यंत जितका पोहोचावयास हवा होता तितका पोहोचला नाही.

या उपेक्षेमुळे पराभवाचे कारणही नीट सांगता येत नाही. कमोडोर जेम्सने १७५५ च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेतला तो ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर', 'स्वॉलो' नावाचे लहान जहाज आणि 'व्हायपर' व 'ट्रायम्फ' ही दोन बाँबफेकी जहाजे घेऊन. पेशव्यांचे आरमार त्याच्या सोबतीस होते. पुढील फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन राजाच्या नौदलाची मोठी जहाजे घेऊन विजयदुर्गावर आला. तुळाजी आंग्र्यांचा ताफा किल्ल्याखाली नांगरलेला होता. एक गोळा पडून आग लागली आणि जवळजवळ सर्व आरमार जळाले. मराठी लेखनात या प्रसंगाचे सर्व विवेचन नानासाहेब पेशव्यांच्या दोषाभोवती फिरते. तो दोष नाकारण्याचे कारण नाही. परंतु गुराब-गलबतांच्या दृष्टीने पाहता दुसरे कारण तितकेच स्पष्ट आहे. या जहाजांचे सारे बळ चालण्यात होते. उघड्या पाण्यात, वारा निवडून, पिछाडीवर येऊन लढण्यासाठी ती घडली होती. एकमेकांस खेटून खाडीत नांगरल्यावर ती केवळ सागवानाची रास उरली. प्रतिकूल वेळी किल्ल्याच्या आश्रयास यावे हा आज्ञापत्रातील उपदेश, किल्ल्यावर समुद्रातून साठ-सत्तर तोफांच्या जहाजांचा मारा होऊ शकत नाही या गृहीतावर उभा होता. १७५६ मध्ये ते गृहीत कोसळले. जहाजाच्या घडणीचे ज्ञान नसलेला इतिहासकार हे कारण पाहूच शकत नाही.

याच रीतीने १७८३ चा प्रसंग तपासता येतो. ८ एप्रिल रोजी आनंदराव धुळप यांच्या ताफ्याने रत्नागिरीजवळ कंपनीचे 'रेंजर' हे लहान लढाऊ जहाज गाठून पकडले. जहाजावर कंपनीचे व राजाच्या सैन्याचे अधिकारी प्रवासी होते. त्यांतील काही पडले, काही जखमी झाले. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी होऊन १७८३ च्या फेब्रुवारीत पूर्णत्वास गेला होता. म्हणून इंग्रजी लेखक यास विश्वासघात म्हणतात, तर मराठी लेखक विजय म्हणून गौरवितात. दोघेही एक साधी गोष्ट बाजूस ठेवतात. येथे एकाकी व लहान जहाज इंग्रजांचे होते, आणि संख्या व आकार यांचे बळ धुळपांकडे होते. खांदेरीच्या 'रिव्हेंज'चे शौर्य ज्या मापाने मोजले, त्याच मापाने 'रेंजर'चेही मोजावयास हवे. आणि ज्या मापाने विजयदुर्ग मोजला, त्याच मापाने धुळपांचा विजयही. माप बदलले की इतिहास संपतो आणि वकिली सुरू होते.

राहता राहिले लाकूड. पोंभुर्ण्याच्या विद्यार्थ्यास समुद्र परका असेल, सागवान परका नाही. युरोपातील ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे झिजतात. सागवानातील तेलकटपणा उलट त्यांचे रक्षण करतो आणि लाकूड कुजू देत नाही. हा गुण ओळखूनच कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांस मुंबईस आणले. त्यांच्या वंशजांच्या देखरेखीखाली पुढे राजाच्या नौदलासाठीही जहाजे बांधली गेली. 'व्हिक्टर' (१८१४), 'झेब्रा' आणि 'स्फिंक्स' (१८१५) ही लहान लढाऊ ब्रिग जहाजे त्यांतलीच. या जहाजांचे लाकूड पश्चिम किनाऱ्यालगतच्या अरण्यांतले. चांद्याच्या अरण्याचा त्यावर हक्क सांगण्याचे कारण नाही. परंतु सागवान कसा वाळवावा, त्याचा रेषा कसा पाहावा, वाकडे खोड कोणत्या कामास ठेवावे हे ज्या प्रदेशातील सुतारास ठाऊक आहे, त्या प्रदेशातील विद्यार्थ्याने जहाजाच्या वर्णनास 'तांत्रिक' म्हणून बगल देणे शोभत नाही. आज्ञापत्रातही आरमारासाठी कोणते लाकूड तोडावे आणि रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे का तोडू नयेत, याचा विचार जहाजांच्या विचारास लागूनच आलेला आहे.

सारांश, पश्चिम किनाऱ्याच्या सागरी इतिहासाची इंग्रजी साधने पक्षपाती आहेत एवढे म्हणून ती बाजूस सारणे सोपे, पण निष्फळ आहे. त्या साधनांत विशेषण पक्षाचे असते. वर्णन बहुधा वस्तूचे असते. शत्रूचे जहाज नीट न पाहणारा खलाशी बुडतो. म्हणून शत्रूचे वर्णन करताना त्यास खोटे बोलणे परवडत नाही. अभ्यासकाने विशेषण वेगळे काढावे, वर्णन मराठी कागदांशी ताडून पाहावे, आणि जे निष्पन्न होईल ते आपल्या अभिमानास रुचो वा न रुचो, स्वीकारावे. गुराब म्हणजे गुराब आणि गलबत म्हणजे गलबत, एवढा भेद जरी पाठ्यपुस्तकांत यापुढे पाळला गेला, तरी या दिशेने पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.